हात त्यांचा, हातखंडा याचा!

एक छोटीशी क्विझ. बेसबॉलचा दादा पिचर नोलन रायन, अमेरिकन फुटबॉलचा सुपरस्टार टॉम ब्रेडी आणि उत्तर प्रदेशातला रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे, हा दुसरा!) या तिघांत कॉमन काय?

उत्तर आहे टॉम हाऊस. तिघांनीही चेंडू फेकण्याचे धडे त्याच्याकडे गिरवलेत. गंमत म्हणजे हा गुरू स्वतः कधीच स्टार नव्हता.

बेसबॉलमधला पिचर म्हणजे आपला बोलर, फक्त टप्पा पाडायची भानगड नाही. १९४७ साली जन्मलेला हाऊस डावखुरा पिचर. अटलांटा ब्रेव्हज, बोस्टन रेड सॉक्स आणि सिएटल मरिनर्स या टीम्सकडून १९७१ ते १९७८ मेजर लीगमध्ये खेळला. २९ विजय, २३ पराभव. वाईट नाही, पण पोरांनी खोलीत पोस्टर लावावं असंही काही नाही.

कॅच दुसऱ्याच्या सिक्सरचा

मैदानावरच्या त्याच्या सगळ्यात गाजलेल्या क्षणी तर बॉल त्याने टाकलाच नव्हता! ८ एप्रिल १९७४. त्याचाच टीममेट हँक आरनने ७१५वा होम रन ठोकला आणि बेब रूथचा ७१४चा विक्रम मोडला. गोऱ्या रूथच्या पुढे एक काळा खेळाडू जाणार, म्हणून आरनला धमक्यांची पत्रं येत होती. त्या रात्री बॉल कुंपणापलीकडे, राखीव पिचर वॉर्म-अप करतात त्या बुलपेनमध्ये गेला. कॅच घेतला हाऊसने. घेतला आणि तडक धावत जाऊन आरनच्या हातात दिला.

त्या काळात त्याने आणखीही एक गोष्ट केली होती. वेग वाढावा म्हणून स्टिरॉइड्स घेतली होती. २००५ साली त्याने हे उघडपणे सांगितलं. वजन वाढलं, पण वेग काही वाढला नाही. वर गुडघ्यांची वाट लागली.

लोक हसले, हसू देत

म्हणजे औषधाने काम होत नाही. मग वेग येतो कुठून? आणि खांदा निकामी का होतो? याचं उत्तर शोधणं हेच हाऊसचं खरं करिअर ठरलं. मानसशास्त्रात पीएचडी केली, पिचरच्या हालचाली कॅमेऱ्यात टिपून तपासायला सुरुवात केली. १९८५ साली तो टेक्सस रेंजर्सचा पिचिंग कोच झाला आणि त्याने पिचर्सच्या हातात चक्क फुटबॉल दिला! अमेरिकन फुटबॉल, तो लंबगोल. लोकांनी भरपूर टिंगल केली. पण फंडा साधा होता. बेसबॉल साधारण १४५ ग्रॅमचा, हा चारशेच्या वर. हात चुकीचा फिरला की हा बॉल हवेत डगमगतो आणि चूक लगेच दिसते. तसाच त्याचा टॉवेल ड्रिल. बॉलऐवजी हातात टॉवेल धरून पूर्ण अॅक्शन करायची; सराव होतो आणि खांद्यावरचा ताणही वाचतो.

१९८९ मध्ये नोलन रायन रेंजर्समध्ये आला. वय ४२. या वयात पिचर्स घरी नातवंडं खेळवतात, असं लोक म्हणत. रायन मात्र टीम बदलल्यावर हाऊसबरोबर घाम गाळत राहिला. १ मे १९९१ ला वयाच्या ४४व्या वर्षी त्याने कारकिर्दीतला सातवा नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये समोरच्या टीमला एकही हिट नाही! हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे.

पुढे फुटबॉल फेकणारेच हाऊसकडे यायला लागले. २००५ च्या शेवटी खांद्याला जबर दुखापत झालेला ड्रू ब्रीझ त्याच्यासोबत काम करत राहिला आणि २०१० मध्ये त्याने सुपर बोल जिंकला. ब्रेडीने तर २०२१ मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी.

आणि आपली पोरं

२००८ साली ‘मिलियन डॉलर आर्म’ या टीव्ही स्पर्धेतून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू अमेरिकेला पोचले. बेसबॉल त्यांनी आयुष्यात खेळला नव्हता. हाऊसने त्यांना अक्षरशः श्रीगणेशापासून शिकवलं. काही महिन्यांतच, नोव्हेंबरमध्ये, पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केलं. मेजर लीगपर्यंत दोघेही पोचले नाहीत. रिंकू पुढे कुस्तीच्या रिंगणात ‘वीर महान’ झाला. पण त्यांच्यावर २०१४ मध्ये हॉलिवूडचा सिनेमा आला आणि त्यात हाऊस साकारला बिल पॅक्स्टनने.

आपल्याकडे अप्रेझलच्या फॉर्ममध्ये ‘तुम्ही काय केलंत’ एवढाच रकाना असतो. ‘तुमच्यामुळे कोण पुढे गेलं’ असा नसतो. हाऊसच्या नावावर विजय २९च. बाकीचे दुसऱ्यांच्या खात्यात जमा आहेत. तुमच्या टीममध्येही असा कुणी असेल, तर निदान चहा तरी पाजा त्याला!