थडगी खोदणाऱ्यांचे गाव

इजिप्तच्या सहलीत लक्झरच्या पश्चिम तीराला साधारण अर्धा दिवस मिळतो. पहाटे नाईल ओलांडायची, मेमनॉनच्या दोन प्रचंड पुतळ्यांपाशी थांबून छायाचित्रे काढायची, मग राजांचे खोरे, मग हत्शेपसुतचे मंदिर, आणि उन्हे फार चढण्याआधी बोटीवर परत. या कार्यक्रमातून एक ठिकाण बहुधा गळते. राजांचे खोरे आणि राण्यांचे खोरे यांच्यामध्ये एका उघड्याबोडक्या घळीत एका गावाचा पाया उरला आहे. चिंचोळी गल्ली, दोन्ही बाजूंना एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या बुटक्या भिंती, आणि वरच्या उतारावर लहान लहान थडग्यांची दारे. गावाचे आजचे नाव देर अल-मदिना. राजांच्या खोऱ्यातली थडगी ज्यांनी खोदली, कोरली, रंगवली, ते लोक इथे जवळजवळ चारशे वर्षे, पिढ्यान्‌पिढ्या राहिले. पश्चिम तीराची सहल या गावापासून सुरू करावी आणि मग राजांकडे जावे, असे माझे ठाम मत आहे. आधी हात पाहावेत, मग त्या हातांचे काम.

गाव वसले ते अठराव्या राजवंशाच्या आरंभी, इ. स. पू. १५०० च्या सुमारास. गावकुसाच्या कच्च्या विटांवर पहिल्या थुतमोसच्या नावाचा ठसा सापडला आहे. पण गावकरी आपले दैवत मानत ते त्याच्या आधीचा राजा पहिला आमेनहोतेप आणि त्याची आई अहमोस-नेफरतारी यांना. भरभराटीच्या काळात कुसाच्या आत ६८ घरे होती. घराची ठेवण ठरलेली: रस्त्याकडची खोली, तिच्या मागे खांबाची मुख्य खोली, झोपायची जागा, मागे चूल, वर गच्चीकडे जाणारा जिना, खाली तळघर.

गावात पाणी नव्हते. ते खालच्या शेतीच्या पट्ट्यातून गाढवांवर लादून आणावे लागे. कारागिरांसाठी पाणक्ये, कोळी, परीट, लाकूडफाटा आणणारे, कुंभार असे लोक सरकारने नेमून दिले होते. हे वाचताना आपल्याकडच्या बलुतेदारांची आठवण होते. फरक इतकाच की इथे सगळ्यांचा पोशिंदा फेरोचे कोठार होते. पुढे कधीतरी गावाच्या उत्तरेला पाण्यासाठी पन्नासएक मीटर खोल खड्डा खणला गेला. पाणी लागले नाही. खड्डा कचऱ्याने भरला, आणि त्या कचऱ्यानेच या गावाला जगातल्या कुठल्याही प्राचीन गावापेक्षा अधिक बोलके केले.

कारण कचऱ्यात अक्षरे होती. पपायरस महाग, पण चुनखडीच्या चिपा आणि फुटक्या माठांची खापरे फुकट. त्यांच्यावर शाईने हिशोब, निरोप, तक्रारी, धोब्याच्या याद्या, प्रेमगीते, शाळकरी पोरांचे धडे, उंदराच्या सेवेत उभ्या असलेल्या मांजरांची चित्रे, असे काय काय उतरले. अशा चिपांना अभ्यासक ऑस्ट्राकॉन म्हणतात. फ्रेंच संस्थेचे ब्रुनो ब्रुयेर यांनी १९२२ ते १९५१ या काळात, मधला खंड सोडला तर, वर्षानुवर्षे इथे उत्खनन केले, तेव्हा हा खजिना हजारोंनी बाहेर आला. तो वाचण्याचे काम प्रामुख्याने यारोस्लाव चेर्नी या चेक विद्वानाचे. प्रागमध्ये बँकेत नोकरी करता करता हा माणूस इजिप्तविद्येकडे वळला आणि हिएरॅटिक लिपीतली ही घाईची अक्षरे लावण्यात त्याने आयुष्य घातले. तुतानखामुनचा सोन्याचा मुखवटा शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरचे नाव जगाला ठाऊक आहे. मला चेर्नीचे ऋण त्याच्याइतकेच मोठे वाटते.

यातली एक चिप लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हातभर लांबीची चुनखडीची फरशीच ती. दुसऱ्या रामेसेसच्या ४०व्या राज्यवर्षातला, म्हणजे इ. स. पू. १२४० च्या आसपासचा हा हजेरीपट. ४० कामगारांची नावे, २८० दिवसांची नोंद. नावापुढे खाड्यांच्या तारखा काळ्या शाईत आणि प्रत्येक तारखेच्या डोक्यावर खाड्याचे कारण लाल शाईत. कुणी आजारी, कुणाचे डोळे आले, कुणाला विंचू चावला. कुणी सणासाठी बिअर गाळत होता. कुणी आईच्या प्रेताला लेप देत होता. कुणाच्या बायकोची किंवा मुलीची मासिक पाळी होती. काही जण लेखनिकाबरोबर किंवा मुकादमाबरोबर कामाला गेले होते, म्हणजे साहेबांच्या घरचे खाजगी काम. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने खाड्याचे कारण सांगितले, दुसऱ्याने ते लिहून घेतले, आणि त्यात राजाचे नाव वर्ष मोजण्यापुरते आले.

कामाची पद्धतही अशीच नोंदींतून उलगडते. आठवडा दहा दिवसांचा. गावातून डोंगराच्या खांद्यावर चढून पलीकडे राजांच्या खोऱ्यात उतरायचे. कामाच्या दिवसांत रोज घरी न परतता खिंडीजवळच्या दगडी झोपड्यांत राहायचे आणि आठवड्याच्या शेवटी गावात यायचे. ती पायवाट आजही आहे, आणि पायात बळ असेल तर वाटाड्याला सांगून ती अवश्य चालावी. वर अल-कुर्न हे पिरॅमिडच्या आकाराचे शिखर दिसत राहते. तिथे मेरेतसेगेर नावाची नागदेवता राहते अशी कारागिरांची श्रद्धा होती. आपण तिचा अपराध केला आणि तिने शिक्षा दिली, मग क्षमाही केली, असे नेफेराबू नावाच्या कारागिराने एका शिळेवर कोरून ठेवले आहे.

टोळीचे उजवी आणि डावी असे दोन भाग असत, प्रत्येकाला एक मुकादम. तांब्याच्या छिन्न्या सरकारी मालकीच्या. त्या देताना वजन करून देत आणि बोथट होऊन परत आल्या की पुन्हा तोलून घेत, म्हणजे तांबे कुणी लांबवू नये. आत अंधार, म्हणून दिव्यांच्या वाती मोजून दिल्या जात आणि रोज किती खर्ची पडल्या याचा हिशोब राही. पगार धान्यात. साध्या कामगाराला महिन्याला चार खार गहू आणि दीड खार जव. खार म्हणजे साधारण ७६ लिटरचे माप. मुकादमाला मिळून साडेसात खार. गव्हाची भाकर आणि जवाची बिअर यांवर घर चाले. मोठ्या कुटुंबाला पुरून उरे एवढा हा शिधा होता, आणि उरलेल्या धान्यावर बाकीच्या वस्तूंची देवघेव होई. फावल्या वेळात हे कारागीर एकमेकांच्या, आणि बाहेरच्यांच्याही, शवपेट्या रंगवून देत.

गावाच्या वरच्या उतारावर सेनेदजेमचे थडगे आहे. १८८६ साली ते न फुटलेल्या अवस्थेत सापडले. खाली उतरणारी वाट अरुंद, वाकून जावे लागते, आणि मग एकदम कमानीच्या छताची लहानशी खोली येते, पिवळ्या रंगाने उजळलेली. शेवटच्या भिंतीवर सेनेदजेम आणि त्याची बायको इनेफेर्ती परलोकातल्या शेतात आहेत. तो नांगर धरतो, ती मागून बी टाकते. तो कणसे कापतो, ती गोळा करते. दोघांची वस्त्रे पांढरीशुभ्र, परीटघडीची. भोवती पाण्याचे पाट, खाली फळांनी लगडलेली झाडे आणि फुले. आयुष्यभर कोरड्या घळीत राहिलेल्या, गाढवावरून आलेले पाणी मोजून वापरलेल्या माणसांनी स्वतःसाठी रंगवलेला स्वर्ग पाण्याने भरलेला आहे. पाशेदूच्या थडग्यात तर तो स्वतः ताडासारख्या दूम झाडाखाली पालथा होऊन पाणी पितो आहे. राजांच्या भिंतींवर सूर्याचा रात्रीचा प्रवास आणि पाताळातले बारा तास चितारणाऱ्या हातांनी घरच्या भिंतीवर हे काढले. मला इजिप्तमधल्या सगळ्या चित्रांत हे सर्वात जवळचे वाटते.

या गावातल्या बाईचा आवाजही आपल्यापर्यंत पोचला आहे, आणि तो चांगला खणखणीत आहे. नाउनाख्ते तिचे नाव. पहिला नवरा केनहिरखोपेशेफ हा गावचा लेखनिक, वयाने तिच्यापेक्षा बराच मोठा. त्याचे अक्षर इतके वाईट की अभ्यासक आजही ते पाहताच ओळखतात. तो गेल्यावर तिने एका कामगाराशी लग्न केले, आठ मुले वाढवली, आणि पाचव्या रामेसेसच्या तिसऱ्या वर्षी गावच्या पंचांपुढे उभी राहून मृत्युपत्र केले. म्हातारपणी ज्यांनी मला सांभाळले त्यांना माझे देईन, ज्यांनी नाही सांभाळले त्यांना माझ्या वाट्यातले काही नाही, असा त्याचा आशय. बापाच्या वाट्यातले त्यांना मिळेल, हेही तिने स्पष्ट केले. प्राचीन इजिप्तमध्ये बाईला स्वतःची मालमत्ता होती आणि ती तिने हव्या त्याला द्यावी, हा हक्क कायद्याने मानलेला होता. त्याचा याहून जिवंत पुरावा मला माहीत नाही.

आता खोऱ्यात जायला हरकत नाही. इथे साध्या तिकिटावर तीन थडगी पाहता येतात. तुतानखामुन, पहिला सेती, सहावा रामेसेस यांची तिकिटे वेगळी. गाइडला आत व्याख्यान द्यायला मनाई आहे, त्यामुळे तो बाहेरच फलकापाशी सांगतो आणि आत आपण आपले असतो. पर्यटक इथे दोन हजार वर्षांपासून येत आहेत. ग्रीक आणि रोमन प्रवाशांनी भिंतींवर कोरलेली नावे दोन हजारांच्या वर भरतात, आणि त्यातली निम्म्याच्या आसपास एकट्या सहाव्या रामेसेसच्या थडग्यात आहेत. हे थडगे ते लोक ग्रीक कथांतल्या मेमनॉन या वीराचे समजत.

माझी शिफारस होरेमहेबच्या थडग्याची, ते उघडे असेल तेव्हा. १९०८ साली सापडलेले हे थडगे राजा मेला तेव्हा अर्धवट होते, आणि म्हणूनच ते कारागिरांची शाळा आहे. एका भिंतीवर फक्त चौकटी आखलेल्या. दुसरीवर गेरूच्या लाल रेषेत शिकाऊ हाताने काढलेली आकृती आणि तिच्यावर मुख्य चित्रकाराची काळी दुरुस्ती: खांदा जरा खाली, हात जरा बारीक. तिसरीवर छिन्नी लागलेली, पण अर्ध्याच देहाला. उरलेला अर्धा अजून रेषेतच. आणि पलीकडे पूर्ण झालेले, रंगवलेले उठावचित्र. सोललेल्या फळासारखे सगळे थर एकाच ठिकाणी दिसतात. लालवर काळी रेष पाहिली की उस्ताद आणि शागीर्द यांच्यातले बोलणे ऐकू येते.

तिसऱ्या रामेसेसच्या थडग्यातही चालता चालता एक गोष्ट लक्षात घ्यावी. सरळ जाणारी वाट मध्येच बाजूला सरकते. हे थडगे त्याचा बाप सेतनख्त याच्यासाठी सुरू झाले, पण खोदता खोदता टोळीच्या छिन्न्या शेजारच्या आमेनमेस्सेच्या थडग्यात घुसल्या. काम सोडून द्यावे लागले. पुढे मुलासाठी ते पुन्हा हाती घेतले तेव्हा अक्ष बाजूला घेऊन खोदाई पुढे नेली.

याच तिसऱ्या रामेसेसच्या २९व्या वर्षी, इ. स. पू. ११५७ च्या सुमारास, शिधा थांबला. जवळ आलेला राज्यारोहणाच्या तिसाव्या वर्षाचा उत्सव, रिकामी होत चाललेली कोठारे, अधिकाऱ्यांची हेळसांड, कारणे अनेक होती. महिन्याचे अठरा दिवस उलटून गेले तरी धान्य आले नव्हते. टोळीने हत्यारे खाली ठेवली, पहारे ओलांडले आणि सगळे जण तिसऱ्या थुतमोसच्या मंदिरामागे जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी ते रामेसेउमच्या, म्हणजे दुसऱ्या रामेसेसच्या स्मारकमंदिराच्या, दिशेने सरकले आणि त्यानंतर आत शिरले. आम्ही भुकेने आणि तहानेने इथवर आलो. कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही. राजाला कळवा, वजिराला कळवा, असे त्यांचे मागणे होते. मागच्या महिन्याचा शिधा मिळाला, पुढचा पुन्हा थकला, पुन्हा लोक बाहेर पडले. हे सारे दिवसावारी टिपून ठेवणारा लेखनिक होता आमेननख्त, आणि तो पपायरस आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. तपशिलाने नोंदलेला जगातला हा पहिला ज्ञात संप. कुणाला सुळी दिले गेले नाही, कुणाचे नाव पटावरून उतरवले गेल्याचे त्यात दिसत नाही. कामगारांशिवाय राजाला परलोक नव्हता, आणि ही गोष्ट दोन्ही बाजूंना ठाऊक होती.

तीनएक वर्षांत राजवाड्यातल्या कटात राजाचा अंत झाला. २०१२ साली त्याच्या ममीच्या सीटी स्कॅनमध्ये गळा खोलवर चिरलेला आढळला. पुढच्या शतकात धान्य अधिकच दुर्मिळ झाले, दरोडे वाढले, आणि अकराव्या रामेसेसच्या काळात गाव उठून मेदिनेत हाबूच्या मंदिराच्या तटाआड गेले. मेदिनेत हाबू म्हणजे तिसऱ्या रामेसेसचेच स्मारकमंदिर. सहलीत तिथे गेलात तर पुढच्या भव्य दारापाशी न थांबता पश्चिमेच्या मागच्या बाजूला चालत जावे. तिथे एका घराचे काही खांब उभे आहेत. ते बुतेहामुन या लेखनिकाचे घर.

बुतेहामुनला आलेली पत्रेही उपलब्ध आहेत. सेनापती पिआंख नूबियाच्या मोहिमेवरून त्याला लिहितो की पूर्वजांच्या थडग्यांपैकी एक उघडून ठेव आणि मी येईपर्यंत मोहोर राख. म्हणजे ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी थडगी खोदली आणि बंद केली, त्यांच्याकडूनच आता सरकार ती उघडवून घेत होते, सोन्यासाठी. सोने गेले, पण देह राहिले. पुरोहितांच्या आज्ञेने ते नव्या कापडात गुंडाळले गेले, नावे लिहिली गेली आणि शेवटी देर अल-बहरीजवळच्या एका लपवलेल्या विवरात गोळा झाले. १८८१ साली ते विवर सरकारी अधिकाऱ्यांना कळले. त्यात पहिला सेती होता, दुसरा रामेसेस होता, तिसरा थुतमोस होता, आणि तिसरा रामेसेसही होता. २०२१ च्या ३ एप्रिलला कैरोच्या रस्त्यांवरून २२ राजाराण्यांची जी मिरवणूक निघाली, त्यात तोही होता.

त्याच्या कफनाच्या कापडावर शाईत एक नोंद आहे. महापुरोहित पिनेदजेमच्या आज्ञेवरून या राजाचा देह पुन्हा नीट बांधणाऱ्या दोन लेखनिकांची नावे तिच्यात आहेत, आणि त्यातले एक बुतेहामुनचे. तो संपाची हकिगत टिपणाऱ्या आमेननख्तच्या घराण्यातला, काही पिढ्यांनंतरचा वंशज.