नवस संपले, दिवा लागतोच

तुमचं-आमचं प्लॅनिंग कसं पक्कं असतं! दोन वर्षांत प्रमोशन, मग टू-बीएचके, मग मुलांच्या अॅडमिशन्स. पण आपल्याच मुलाचं ते ‘मग’ किती लांब आहे, हेच माहीत नसेल तर?

ठाण्यातल्या एका ताईंशी मी याच विषयावर बोलले. त्या बँकेत नोकरी करतात. त्यांच्या ११ वर्षांच्या मुलाला ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. स्नायूंना जपणारं डिस्ट्रॉफिन हे प्रथिन या आजारात जवळपास तयारच होत नाही. आजार बहुतेक मुलग्यांना होतो. आधी जिने चढणं जड जातं, साधारण बाराव्या वर्षापर्यंत व्हीलचेअर येते, पुढे हृदयाचे आणि श्वासाचे स्नायूही थकतात. स्टेरॉइड्स आणि श्वासाला मदत करणाऱ्या मशीनमुळे आज अनेक जण तिशीपर्यंत पोचतात. आजार पूर्ण बरा करणारं औषध मात्र नाही.

निदान झालं तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. ताईंनी काय नाही केलं! सिद्धिविनायक, माहीमचं चर्च, उपास, जडीबुटी. वर नातेवाइकांचा शेरा, ‘तुझ्याकडूनच आलंय हे.’ खरं तर सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये जनुकातला हा बदल नव्यानेच झालेला असतो. आणि आईकडून आला, तरी त्यात तिचा गुन्हा काय? डॉक्टरांनी हे नीट समजावलं, त्या रात्री ताईंना बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

मग देवावरचा विश्वास उडाला का?

‘‘नवस बंद केले गं. देवाशी सौदा किती करायचा? दिवा मात्र रोज लावते. तेवढी दोन मिनिटं मी काहीच मागत नाही.’’

मध्यंतरी मुलानेच विचारलं, ‘‘आई, मोठा झाल्यावर मी चालेन का?’’ ताई म्हणाल्या, ‘‘नाही रे राजा. पण फिरायला आपण जाणार.’’ पुढच्याच रविवारी मायलेक तलावपाळीवर होते, व्हीलचेअरसकट. पूर्वी त्यांची आशा ‘तो बरा होईल’ एवढी एकच होती. आता ती रोजची आहे. रात्री शांत झोप लागावी, बुद्धिबळात त्याने बाबांना हरवावं.

‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हटलं की आपल्याला वाटतं, डॉक्टरांनी हात टेकले. तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलांसाठी ही काळजी निदानापासूनच, उपचारांच्या जोडीने सुरू व्हायला हवी. त्यात दुखणं कमी करणं येतं आणि घरच्यांना आधार देणंही. १९८२ मध्ये ऑक्सफर्डला मुलांसाठीचं पहिलं हॉस्पिस, ‘हेलन हाउस’, सुरू झालं. थकलेल्या आईवडिलांना चार दिवस उसंत देणं हाही त्याचा उद्देश होता.

तुमच्या ऑफिसातही अशी एखादी आई किंवा बाबा असतील. ‘बी स्ट्रॉन्ग’ वगैरे म्हणू नका. ताईंनी मैत्रिणींना स्पष्टच सांगून ठेवलंय, ‘‘शनिवारी दोन तास त्याच्याजवळ बसा. मला केस कापायला जायचंय!’’