गुडघ्याचे निदान आधी हातांनी

गुडघा मुरगळला की घरचे पहिला प्रश्न विचारतात: एमआरआय कधी काढायचा? डॉक्टरांनी नुसता पाय धरून हलवून पाहिला, तर नीट तपासलेच नाही असे वाटते. वास्तविक एसीएल हे लिगामेंट तुटले आहे का, हे जाणत्या हातांना बहुतेक वेळा तिथल्या तिथे कळते. फिलाडेल्फियाचे जॉन लॅकमन यांच्या नावाची चाचणी १९७६ साली प्रसिद्ध झाली. रुग्णाला उताणे झोपवून गुडघा २० ते ३० अंश वाकवतात, एका हाताने मांडी घट्ट धरतात आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढतात. लिगामेंट शाबूत असेल तर नडगी जराशी सरकून ठामपणे अडते. तुटले असेल तर ती जास्त पुढे येते आणि तो अडसर हाताला लागत नाही. चांगला गुडघाही तपासायलाच हवा, कारण काहींचे सांधे मुळातच सैल असतात. अनेक अभ्यासांच्या एकत्रित आकडेवारीनुसार, ही चाचणी तुटलेल्या १०० लिगामेंटांपैकी सुमारे ८५ ओळखते.

ताज्या दुखापतीत रुग्ण पाय आखडून धरतो, मग हाताला काय कळणार, हा आक्षेप रास्त आहे. गुडघा ९० अंशांत वाकवून केलेली जुनी चाचणी अशा वेळी फसते, कारण मांडीमागचे स्नायू नडगीला मागे खेचून धरतात. कमी वाकवलेल्या गुडघ्यात त्यांचा जोर तेवढा चालत नाही. तरीही खात्री पटली नाही, तर सूज उतरल्यावर पुन्हा तपासावे. गादीच्या, म्हणजे मेनिस्कसच्या, चाचण्या मात्र एवढ्या भरवशाच्या नाहीत, हे मान्यच करायला हवे. पण स्कॅनलाही मर्यादा आहे. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम येथे पन्नाशीपुढच्या लोकांचे एमआरआय काढले गेले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गादी फाटलेली दिसलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांचा गुडघा आधीच्या महिनाभरात दुखला किंवा आखडलाही नव्हता. म्हणून चित्रात दिसलेली फाट हेच दुखण्याचे कारण, असे तपासणीशिवाय म्हणता येत नाही.

‘चालता येतंय, म्हणजे लिगामेंट ठीक आहे’ हा समज सर्वांत घातक. एसीएल तुटूनही माणूस सरळ चालतो. वळताना गुडघा दगा देतो. चार पावले टाकता येतात का, हे डॉक्टर विचारतात ते हाड मोडल्याची शंका घेऊन, एक्स-रे लागेल का हे ठरवण्यासाठी. दुखापतीनंतर दोन-तीन तासांत गुडघा टम्म सुजला, तर आत रक्त साचल्याची शक्यता मोठी, आणि त्यामागे बऱ्याचदा एसीएलच असते. गुडघा अडकून सरळच होत नसेल, शस्त्रक्रियेचा विचार असेल किंवा फेरतपासणीनंतरही शंका उरली, तर एमआरआय जरूर काढावा.