ओट्याखालचा खर्च : बोईसर-पालघरच्या घरात सुट्या भागांचे किचन बसविताना

तारापूरची औद्योगिक वसाहत आणि १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र यांच्या आधाराने बोईसर वाढले. २००९ साली टाटा हाउसिंगने बोईसरजवळ 'शुभगृह' ही स्वस्त घरांची योजना जाहीर केली, तेव्हा तिची चर्चा देशभर झाली. त्यातील सर्वात लहान घर २८३ चौरस फुटांचे होते आणि किंमत चार लाखांच्या आतून सुरू होत होती. एप्रिल २०१३ मध्ये लोकल गाड्या विरारच्या पुढे डहाणूपर्यंत धावू लागल्या आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. मुंबईत घर न परवडणारी कितीतरी कुटुंबे या पट्ट्यात आली.

घराचा ताबा मिळतो तेव्हा स्वयंपाकघरात साधारणपणे तीनच गोष्टी असतात : ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलचे सिंक आणि ओट्यावर दोन-तीन फूट टाइल्स. ओट्याखालची जागा मोकळी असते. घराच्या खर्चाने हात रिकामा झालेला असतो आणि नेमके तेव्हाच ही जागा भरायची असते. या वेळी घाईने घेतलेला निर्णय दोन पावसाळ्यांत महाग पडतो. म्हणून वाचकांसाठी आम्ही या विषयाची मांडणी करीत आहोत.

तीन मार्ग

पहिला मार्ग नेहमीचा. सुतार घरी बोलवायचा, प्लाय आणून द्यायचा आणि आठ-पंधरा दिवस घरात भुसा सहन करायचा. दुसरा मार्ग म्हणजे ओट्याखाली स्टीलच्या ट्रॉल्या बसवून पुढे दारे लावायची. तिसरा मार्ग सुट्या भागांच्या किचनचा. व्यापारी त्याला फ्लॅटपॅक म्हणतात. कारखान्यात मापाने कापलेल्या, कडा बंद केलेल्या आणि भोके पाडलेल्या फळ्या खोक्यात चपट्या बांधून येतात. घरी आणून खुंट्या व स्क्रूने त्यांच्या पेट्या जोडायच्या असतात.

ही कल्पना नवी नाही. मार्गारेट शुटे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार स्त्रीने १९२६ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या कामगार वसाहतींसाठी एक छोटे स्वयंपाकघर आखले. ते जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचे होते आणि तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसविली गेली. ठरावीक मापाच्या पेट्या जोडून स्वयंपाकघर करण्याची पद्धत तेथून रुजली. पुढे १९५६ च्या सुमारास स्वीडनच्या आयकिया कंपनीने फर्निचर सुटे करून चपट्या खोक्यात विकण्यास सुरुवात केली. या कंपनीचे नवी मुंबईतील तुर्भे येथील दुकान डिसेंबर २०२० मध्ये उघडले. आपल्या भागातील लोक फर्निचरसाठी जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात आणि उल्हासनगरलाही जातात. सुट्या मालाचा फायदा वाहतुकीत दिसतो. तयार पेट्यांना मोठा टेम्पो लागतो. तोच माल चपटा असला तर छोट्या टेम्पोत बसतो आणि चौथ्या मजल्यावर जिन्यानेही चढतो.

खर्च कोठे करावा, कोठे वाचवावा

दुकानात गेल्यावर आपली नजर सर्वात आधी दारांच्या चकाकीवर जाते आणि विक्रेताही तेथूनच बोलायला सुरुवात करतो. आमच्या मते किनाऱ्याजवळच्या या दमट पट्ट्यात हिशेब उलटा मांडावा. किचन खराब होते ते सिंकखाली, जमिनीलगत आणि बिजागऱ्यांपाशी. दार जुने दिसू लागले तर पुढे केव्हाही बदलता येते. पेटी फुगली की सगळे उपसावे लागते. तेव्हा पैसा पेटीवर व लोखंडी सामानावर खर्च करावा आणि दाराच्या रंगरूपावर वाचवावा.

फळ्यांचे प्रकार समजून घ्यावेत. सर्वात स्वस्त असतो तो भुशाचा दाबलेला पार्टिकल बोर्ड. त्याच्या कापलेल्या कडेतून पाणी शिरले की तो फुगतो आणि स्क्रूची पकड सुटते. एमडीएफ दिसायला गुळगुळीत असतो, पण साध्या एमडीएफचेही पाण्याशी वैर आहे. आयएस ३०३ मार्कचा एमआर प्लाय दमटपणा सोसतो, मात्र साचलेले पाणी सोसत नाही. आयएस ७१० मार्कचा प्लाय, ज्याला बाजारात मरीन प्लाय म्हणतात, ७२ तास उकळत्या पाण्याच्या कसोटीतून जातो. पीव्हीसी बोर्डाला पाण्याचे व वाळवीचे भय नाही, परंतु तो उष्णतेने वाकतो आणि जड वजनाखाली खचतो. शेगडीच्या शेजारी तो लावू नये.

सगळे किचन मरीन प्लायचे करण्याची ऐपत प्रत्येकाची नसते आणि तशी गरजही नाही. सिंकखालची पेटी तेवढी मरीन प्लायची किंवा पीव्हीसीची घ्यावी. बाकीच्या खालच्या पेट्या एमआर प्लायच्या चालतात. भिंतीवरच्या कपाटांना पाणी लागत नाही, तेथे कडा चारही बाजूंनी नीट बंद केलेला लॅमिनेटेड पार्टिकल बोर्डही चालून जातो. पेटीची फळी १८ मि.मी. जाडीची असावी. कडेची पट्टी नखाने उचलून पाहावी. ती उचलली गेली तर तो माल परत ठेवावा.

ट्रॉल्या घेताना खिशात लोहचुंबक ठेवावा. तारेच्या बास्केटला चुंबक चिकटला तर ते बहुधा क्रोमचा मुलामा दिलेले लोखंड असते. चिंचणी-तारापूरच्या खाऱ्या हवेत मुलामा सुटतो आणि गंज धरतो. मात्र चुंबक चिकटला नाही म्हणजे माल उत्तम, असेही समजू नये. २०२ आणि ३०४ या दोन्ही जातींच्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते, म्हणून ते गंजाला जास्त दाद देत नाही. २०२ मध्ये निकेल कमी असते. डोळ्यांनी फरक कळत नाही, म्हणून बिलावर '३०४' लिहून घेणे हाच उपाय.

मापाची गणिते

आपली घरे काटकोनात नसतात. भिंत वरून-खालून अर्धा-पाऊण इंच फिरलेली असते आणि लादीला मोरीकडे उतार असतो. म्हणून प्रत्येक माप तीन ठिकाणी घ्यावे आणि त्यातील सर्वात लहान माप खरे धरावे. ओट्याखाली आधाराचे उभे कडाप्पे असतील तर प्रत्येक खण वेगळा मोजावा.

उंचीत बहुतेकांची फसगत होते. खालच्या पेट्या सहसा ७२० मि.मी. उंच असतात आणि त्यांना १०० मि.मी.चे पाय असतात. एकूण झाले ८२०. आपल्या तयार ओट्याखाली मात्र पुष्कळदा ३१ इंच, म्हणजे ७८७ मि.मी. एवढीच जागा असते. पेटी आत जात नाही. ही गोष्ट माल घरी आल्यावर कळण्यापेक्षा ऑर्डर देण्याआधी कळावी. अशा वेळी कमी उंचीचे पाय किंवा कमी उंचीची पेटी मागवावी. पाय काढून पेटी सरळ लादीवर मात्र ठेवू नये. आपल्याकडे लादी पाण्याने धुतली जाते आणि ते पाणी फळीच्या कडेतून वर चढते.

रुंदीचे एक उदाहरण घेऊ. ओटा आठ फूट, म्हणजे २४३८ मि.मी. आहे आणि मधे कडाप्पे नाहीत, असे समजा. सिंकसाठी ६०० ची पेटी, गॅस सिलिंडरसाठी ४५० ची मोकळी जागा, भांड्यांच्या ड्रॉवरसाठी ६०० च्या दोन पेट्या आणि तेलाच्या बाटल्यांसाठी १५० ची अरुंद ट्रॉली. बेरीज २४०० होते. उरलेल्या ३८ मि.मी.मध्ये भिंतीकडे पट्टी लावायची. ही फट मुद्दाम ठेवावी. ती नसेल तर भिंतीकडचे दार किंवा ड्रॉवर भिंतीला घासतो.

सिलिंडर कोंडू नये

१४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरचा व्यास सुमारे ३२० मि.मी. असतो, त्यामुळे वरील ४५० ची जागा पुरते. ही जागा मोकळीच ठेवावी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली साचतो. बंद पेटीत साचलेला गॅस वासाने लवकर लक्षात येत नाही आणि मग एक ठिणगी पुरते. शोभेसाठी दार हवेच असेल तर ते जाळीचे असावे आणि खालची बाजू उघडी राहावी. सिलिंडर उभा, शेगडी त्याच्यापेक्षा उंच, आणि नळी डोळ्यांना दिसेल अशी असावी. ड्रॉवरच्या मागून नळी नेल्यास ती घासते आणि कोणाला कळतही नाही. आयएसआय मार्कची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी. किचनचे काम काढले असेल तर तिची तारीख त्याच दिवशी पाहून घ्यावी.

जोडणीचा क्रम

खोकी उघडल्यावर आधी यादीप्रमाणे भाग मोजावेत. एखादा भाग कमी असेल तर तो त्याच दिवशी कळवावा. पेट्या लादीवर चादर अंथरून जोडाव्यात. लाकडी खुंटीला थोडा गोंद लावावा, मग फिरवून घट्ट होणारे मिनीफिक्स बसवावे. ते हाताच्या पेचकसाने आवळावे. ड्रिल मशीनने आवळल्यास बोर्डाचा भुगा होतो. पाठीची फळी लावण्यापूर्वी पेटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे असतील तर पेटी काटकोनात आहे. येथे चूक राहिली तर पुढे कोणतेही दार सरळ बसत नाही.

भिंतीवरची कपाटे आधी लावावीत, म्हणजे खाली उभे राहायला जागा राहते. भिंत कशाची आहे हे भोक पाडताना निघणाऱ्या भुकटीवरून कळते. लाल भुकटी म्हणजे वीट, कठीण करडी म्हणजे काँक्रीट आणि हलकी पांढुरकी म्हणजे सिपोरेक्ससारखा सच्छिद्र ब्लॉक. नव्या इमारतींत असे ब्लॉक सर्रास असतात. त्यात साधा गुटका धरत नाही. ब्लॉकसाठीचे वेगळे लांब अँकर घ्यावेत किंवा भिंतीच्या आरपार बोल्ट टाकावा. डाळ-तांदळाच्या डब्यांनी भरलेले कपाट जड असते. शिवाय नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागाने भूकंपाच्या धक्क्यांची मालिका अनुभवली आहे. आपल्या जिल्ह्यात तरी कपाटाच्या बोल्टमध्ये काटकसर नको. स्विचच्या थेट वर किंवा खाली भोक पाडू नये, तेथून वायर गेलेली असते.

खालच्या पेट्या कोपऱ्यापासून सुरू कराव्यात आणि पाय फिरवून पातळी साधावी. सिंकच्या पाइपसाठी पाठीला जे भोक पाडले जाते त्याची कच्ची कड सिलिकॉनने बंद करावी. सिंक आणि ओटा यांच्या सांध्यातही सिलिकॉन भरावे. शंभर-दोनशे रुपयांचे हे काम विसरल्यामुळे हजारोंची पेटी सडते. प्लंबरला पुन्हा हात घालता यावा म्हणून सिंकखालची पाठीची फळी स्क्रूवर सुटी ठेवावी.

बिल आणि व्यवहार

कोटेशन 'किचन, एकूण इतके' अशा एका ओळीचे घेऊ नये. फळीचा प्रकार, जाडी व आयएस क्रमांक, स्टीलची जात, बिजागरीची कंपनी, वाहतूक, मजल्यावर चढविण्याची मजुरी, जोडणी आणि काम पूर्ण करण्याची तारीख असे सगळे वेगवेगळे लिहून घ्यावे. प्लंबर व इलेक्ट्रिशियनचा खर्च त्यात आहे की नाही, हेही विचारावे. लाकडी फर्निचरवर २०१७ च्या नोव्हेंबरपासून १८ टक्के जीएसटी आहे. तो वाचविण्यासाठी विनाबिल घेतलेल्या मालाची तक्रार कोणाकडे व कशाच्या आधारे करणार? बिल हाती असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर दाद मागता येते. पैसे टप्प्याने द्यावेत, शेवटचा टप्पा दारे सरळ बसल्यावर.

कारागिरांसाठी संधी

या मालामुळे आमच्या सुतारांचा धंदा बुडेल, अशी भीती व्यक्त होते. आम्हाला तसे वाटत नाही. माल कारखान्यातून आला तरी वाकडी भिंत, उतरती लादी आणि अडणारा ओटा कारखान्याला दिसत नाही. तेथे कारागीरच लागतो. मात्र त्याने मि.मी.त माप घेणे, नकाशा वाचणे, योग्य अँकर निवडणे आणि लेखी अंदाजपत्रक देणे शिकले पाहिजे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत अशी तिची तरतूद आहे. चांगले ड्रिल मशीन, लेझर पातळी आणि मोजपट्टी एवढ्यावर एक तरुण हे काम सुरू करू शकतो. ज्याने बसविलेल्या सिंकखालची पेटी दोन पावसाळ्यांनंतरही कोरडी आहे, त्याला पुढचे काम त्याच इमारतीतून मिळते.

ग्राहकानेही कारागीर निवडताना हेच पाहावे. त्याने दाखविलेले फोटो बाजूला ठेवावेत, त्याने दोन-तीन वर्षांपूर्वी केलेल्या एखाद्या घरी जावे आणि सिंकखालचे दार उघडून आत हात फिरवावा.