कोरडी त्वचा: काय लावायचं आणि कधी?

थंडी पडली की दिल्ली असो, इंदूर असो की नागपूर, प्रश्न एकच येतो, "कोरड्या त्वचेला स्वस्तातलं काय लावू?" माझं म्हणणं असं, की काय लावता याइतकंच कधी लावता हेही महत्त्वाचं.

तेल किंवा पेट्रोलियम जेली त्वचेला पाणी देत नाही. आहे ते पाणी उडू देत नाही. म्हणून कोमट पाण्याने 5-10 मिनिटांत आंघोळ आटपा, अंग खसाखसा न पुसता टिपा आणि ते ओलसर असतानाच खोबरेल तेल लावा.

माझी आई रात्री कोरड्या टाचांना तेल चोळायची. सकाळी भेगा तशाच. मग पाय 10 मिनिटं कोमट पाण्यात भिजवून, टिपून, जेली लावून सुती मोजे घालायला लागली. आठवड्याभरात फरक दिसला.

ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. एक चमचा ग्लिसरीनमध्ये दोन-तीन चमचे पाणी मिसळून लावा, वरून तेलाचा हात फिरवा. लिंबू मात्र भेगांवर नको. झोंबतं आणि आग वाढते.

मधुमेह असेल तर पाय भिजवत ठेवू नका. बधिर पायाला चटका कळत नाही. बोटांच्या बेचक्यांत जेली लावू नका. भेगेतून रक्त किंवा पू आला, तर घरचे उपाय थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.