घडीच्या गाडीची खरी करामत चाकात

उभी करताना अंग आक्रसून घेणाऱ्या छोट्या इलेक्ट्रिक गाडीचे व्हिडिओ अधूनमधून मोबाइलवर फिरू लागतात आणि 'ही आपल्याकडे कधी येणार?' असं वाचक विचारतात. या गाडीचा जन्म अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधला, नाव 'सिटीकार'. दोन माणसांची, साडेचारशे किलोच्या आसपास वजनाची. साधारण अडीच मीटर लांबीची ही गाडी घडी केल्यावर दीड मीटरची व्हावी आणि एका मोटारीच्या जागेत तीन उभ्या राहाव्यात, असा हिशेब होता.

तिच्यामागचा माणूस मोटार उद्योगातला नव्हता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. विल्यम मिचेल हे ऑस्ट्रेलियात जन्मलेले वास्तुशास्त्रज्ञ. मोटारीकडे ते शहराचा एक भाग म्हणून पाहत. खासगी गाडी दिवसाचे बहुतेक तास नुसती उभी असते. मग ती उभी असताना कशी असावी, याचा विचार आधी का करू नये? सुपरमार्केटमधल्या ट्रॉल्या एकीत एक सरकवून ठेवतात, तशा या गाड्या नाक्यानाक्यावर चार्ज होत थांबाव्यात. येणाऱ्याने रांगेतली पहिली घ्यावी, काम झालं की दुसऱ्या नाक्यावर सोडावी. मालकीची गरजच नाही.

पण गाडीची घडी होणार कशी? पुढे इंजिन, मध्ये गिअरबॉक्स, चाकांना जोडणारे दांडे असताना ते अशक्यच. म्हणून मिचेल यांच्या विद्यार्थ्यांनी मोटर, ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन हे सगळं प्रत्येक चाकातच बसवलं. मधली जागा मोकळी झाली, मागची चाकं पुढे सरकू शकली. शिवाय प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वळत असल्यामुळे गाडी जागच्या जागी गिरकी घेऊ शकते. चाकात मोटर ही कल्पना मात्र जुनी. फर्डिनांड पोर्श यांनी रचलेली, पुढच्या चाकांत विजेच्या मोटरी असलेली गाडी १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात लोकांनी पाहिली होती!

मग एवढी वर्षं ही कल्पना सर्रास का वापरली गेली नाही? एक मोठं कारण खड्ड्यात सापडतं. चाक उसळलं की स्प्रिंग त्याला पुन्हा रस्त्यावर दाबते. चाक हलकं असेल तर ते पटकन खाली येतं. त्यात मोटर भरली की त्याची उसळी आवरायला वेळ लागतो, टायरची पकड सुटते आणि धक्काही आत बसलेल्यांपर्यंत जास्त पोचतो. इथे चाकाचं आणि वरच्या गाडीचं वजन यांचं गुणोत्तर मोजायचं असतं. म्हणजे गाडी जितकी हलकी, तितकं जड चाक जास्त त्रास देणार. शहरासाठी हलकी गाडी हवी आणि नेमकं तिलाच असं चाक सोसत नाही. आपल्या रस्त्यांवर तर मुळीच नाही.

मिचेल जून २०१० मध्ये गेले. स्पेनच्या बास्क प्रांतातल्या कंपन्यांनी याच कल्पनेवर 'हिरिको' बनवली. जानेवारी २०१२ मध्ये ब्रसेल्सला युरोपीय आयोगाचे अध्यक्ष बारोसो यांच्या हस्ते तिचं थाटात अनावरण झालं. छायाचित्रं जगभर गेली. विक्रीसाठीचं उत्पादन मात्र सुरूच झालं नाही आणि प्रकल्प गुंडाळला गेला. त्या छायाचित्रांत सगळ्यांनी घडी पाहिली, नाक्यानाक्यावरच्या सामायिक गाड्यांचं जाळं कुणी पाहिलं नाही. ते जाळं उभं करायला घडीची गाडी लागतच नाही. साध्या, न दुमडणाऱ्या छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांवरही ते चालू शकतं. म्हणून मला विचाराल, तर आपल्या महापालिकांनी मिचेल यांच्याकडून आधी तेच घ्यावं.