फुलं मोजायची की रोपं?

कासच्या पठारावरून कुणी परतलं की आपण पहिलं काय विचारतो? "यंदा फुलं कशी होती?" भरपूर होती म्हटलं की आपल्याला वाटतं, पठाराचं बरं चाललंय. पण बहर वेगळा आणि तब्येत वेगळी. आज एवढंच सांगायचं आहे.

कास हे साताऱ्याजवळचं राखीव वन. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांपैकी एक म्हणून ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, एवढ्यावर हा सगळा पसारा उभा आहे.

आता दोन उदाहरणं बघा. तेरडा वर्षभराचाही सोबती नाही. पावसात उगवतो, फुलतो, बी टाकतो, मरतो. त्याचं पुढचं वर्ष मातीत पडलेल्या बियांवर. फोटोसाठी कुणी फुलांत बसलं आणि बी धरण्याआधीच रोपं मोडली, तर तो तोटा यंदाच्या बहरात दिसत नाही, पुढे दिसतो. दुसरी टोपली कारवी. ती साधारण सात वर्षांनी एकदा फुलते. मधल्या वर्षी फुलं मोजली तर उत्तर शून्य, आणि झुडपं मात्र ठणठणीत!

मग मोजायचं कसं? एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशा चौकटी आखायच्या. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या, कारण मनाने निवडल्या की पाय दाट फुलांकडेच वळतात. खुणा पक्क्या करून दरवर्षी तिथेच यायचं. प्रत्येक जातीची कोवळी रोपं किती, वाढलेली किती, फुलावर आलेली किती, हे वेगवेगळं लिहायचं. महिन्याभराने परत जाऊन बी धरलं का, तेही बघायचं. कोवळी रोपं वर्षानुवर्षं घटत असतील, तर वर कितीही रंग असू दे, ती धोक्याची खूण.

हे महत्त्वाचं का? पठाराला जाळी असावी का, गुरं चरू द्यावीत का, यावर कासला वाद झाला आहे. गुरं रोपं तुडवतात हे खरं. पण चराई थांबून गवत माजलं तर बुटकी फुलझाडं सावलीत दबतात, हेही होऊ शकतं. त्यात एखाद्या वर्षीचा पाऊसच सगळं चित्र बदलतो. म्हणून चरलेल्या आणि न चरलेल्या भागांतल्या चौकटी सलग काही वर्षं मोजल्याशिवाय निवाडा करू नये. त्यावर गावकऱ्यांचं चराऊ रानही अवलंबून आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी कासहून आलं, तर एक प्रश्न जास्त विचारा: "बी धरलं का?"